तोल जातो तो दारूने नव्हे : आनुवंशिक अटॅक्सिया आणि रोजचा व्यायाम

वस्तीत एखादा माणूस पाय फाकवून, झुलत चालू लागला की लोकांचा निवाडा तयार असतो : "घेतलेली दिसते." त्यात बोलणेही जड आणि अडखळत असेल तर कुणाला शंकाच उरत नाही. ज्याने कधी दारूला हात लावला नाही, जो विहारात सर्वांसोबत पंचशील ग्रहण करतो, त्याच्यावर पाचवे शील मोडल्याचा आळ येतो. मुकादम त्याला कामावरून परत पाठवतो. रिक्षावाला थांबत नाही. कधी कधी घरचीच माणसे तोंडाचा वास घेऊन बघतात. अशा काही माणसांना प्रत्यक्षात लहान मेंदूचे दुखणे असते, आणि ते घराण्यातून, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते.

या दुखण्याला डॉक्टर आनुवंशिक अटॅक्सिया म्हणतात. त्याच्या बहुतेक प्रकारांना मुळापासून बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही. तरीही या रुग्णांसाठी करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले फार मोठे काम घरातल्या चटईवर, जवळजवळ बिनपैशाने होऊ शकते. ते काम म्हणजे फिजिओथेरपी, तोल सावरण्याचा रोजचा व्यायाम. या अंकात आम्ही त्याची माहिती देत आहोत.

लहान मेंदू बिघडतो म्हणजे काय होते?

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर लहान मेंदू असतो. हात किती पुढे न्यायचा, पाऊल कुठे टाकायचे, वळताना शरीर किती झुकवायचे, शब्द कोणत्या लयीत उच्चारायचा, या सगळ्याचे मोजमाप तो ठेवतो. अटॅक्सियात लहान मेंदूतल्या किंवा त्याला निरोप पोचवणाऱ्या नसांतल्या पेशी हळूहळू झिजतात. सुरुवातीला स्नायूंतली ताकद शाबूत असते, पण मोजमाप चुकते. पेला उचलताना पाणी सांडते. शर्टाची बटणे लागत नाहीत. अक्षर बिघडते. अंधारात किंवा गर्दीत तोल जातो. पुढे बोलणे आणि गिळणे अवघड होते.

आनुवंशिक अटॅक्सियाचे अनेक प्रकार आहेत. प्रौढपणी सुरू होणाऱ्या एका मोठ्या गटाला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, थोडक्यात एससीए, म्हणतात. त्यात ४० हून अधिक प्रकार आहेत. भारतात एससीए १, २, ३ आणि १२ हे प्रकार प्रामुख्याने आढळतात. यातल्या एससीए २ चा मुंबईशी जवळचा संबंध आहे. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी आपले सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांतल्या रुग्णांची नोंद जगापुढे मांडली. या रुग्णांचा तोल तर जात होताच, शिवाय त्यांची नजर एका जागेवरून दुसरीकडे फार संथपणे सरकत होती. हीच खूण पुढे एससीए २ ची ओळख ठरली.

लहान मुलांत आणि किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार म्हणजे फ्रीड्राइख अटॅक्सिया. तो बहुधा ५ ते १५ या वयात दिसू लागतो. यात पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो, हृदयाचे स्नायू बिघडू शकतात, काहींना मधुमेह होतो. म्हणून अशा मुलांना व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावीच लागते.

दोष कुणाचा?

असा आजार घरात दिसला की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक, मागच्या जन्मीचे पाप. दुसरी, कुणीतरी केलेली करणी किंवा घराण्याला लागलेला शाप. बापाला पन्नाशीत सुरू झालेला त्रास मुलाला तिशीतच सुरू झाला, तर शापाची गोष्ट आणखी खरी वाटू लागते.

याचे कारण आता स्पष्ट कळले आहे. आपल्या पेशीत शरीर घडवण्याच्या सूचना असतात, त्यांना जनुके म्हणतात. एससीएच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत एका जनुकातला तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिला गेलेला असतो. पुढच्या पिढीत जाताना ही संख्या आणखी वाढू शकते, आणि संख्या जितकी मोठी तितका आजार लवकर सुरू होतो. शापाचा इथे काही संबंध नाही.

एससीए आई किंवा बाप, कुणाकडूनही येतो. रुग्णाच्या प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. ज्या अपत्याकडे ते जनुक आलेले नाही, त्याच्या पुढच्या पिढीतही ते त्याच्यामार्फत जात नाही. फ्रीड्राइखचे तसे नाही. त्यात आई आणि बाप दोघेही निरोगी असतात, पण दोघांकडे एकेक सदोष जनुक लपलेले असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामाची मुलगी करणे किंवा आत्याच्या घरी मुलगी देणे, अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते, कारण एकाच घराण्यातले लपलेले जनुक दोन्हीकडून येऊ शकते. म्हणजे "सुनेच्या पायगुणाने झाले" असे म्हणायला कुठेही जागा नाही.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. माणसाचे आजचे दुःख म्हणजे गतजन्मीच्या कर्माचे फळ, ही कल्पना त्यांनी त्यात नाकारली आहे. ज्या घरात हा ग्रंथ आहे त्या घरात रुग्णाला पापी ठरवले जाऊ नये. भगत-मांत्रिकाकडे जाण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. रुग्णाला मारहाण करणे, चटके देणे असले अघोरी प्रकार तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत.

आधी तपासणी, मग व्यायाम

तोल जाण्याची सगळीच कारणे आनुवंशिक नसतात. व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, फिट्सवरच्या काही गोळ्यांचा जास्त झालेला डोस, मेंदूतली गाठ किंवा पक्षाघात यांनीही चाल बिघडते आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. व्हिटॅमिन ई शरीरात टिकत नसल्यामुळे होणारा एक आनुवंशिक अटॅक्सिया हुबेहूब फ्रीड्राइखसारखा दिसतो, पण तो व्हिटॅमिन ई च्या मोठ्या डोसने रोखता येतो. म्हणून "आमच्या घरात आहेच" असे म्हणून कुणी घरी बसू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार विभागात एकदा नीट तपासणी करून घ्यावी. तोल एका दिवसात अचानक गेला, सोबत डोके फार दुखते आहे, तोंड वाकडे झाले आहे किंवा एका बाजूची ताकद गेली आहे, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

व्यायामाने काय साधते?

मेलेल्या पेशी व्यायामाने परत येत नाहीत. पण उरलेल्या पेशी सरावाने नवे मार्ग शिकतात आणि शरीर डोळ्यांचा, स्नायूंचा, तळपायाच्या जाणिवेचा अधिक चांगला वापर करू लागते. ही नुसती आशा नव्हे, यावर अभ्यास झालेले आहेत.

जर्मनीत ट्युबिंगेन येथे १६ रुग्णांना चार आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, एकेक तास तोलाचे व्यायाम दिले गेले. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. चाल आणि तोल सुधारला. ज्यांनी घरी व्यायाम चालू ठेवला त्यांच्यात एक वर्षानंतरही फायदा दिसला. ज्यांच्या लहान मेंदूपेक्षा संवेदना नेणाऱ्या नसा जास्त बिघडल्या होत्या, त्यांना फायदा कमी झाला. जपानमध्ये ४२ रुग्णांना चार आठवडे रुग्णालयात रोज व्यायाम दिला गेला, इतर दिवशी दोन तास आणि शनिवार-रविवारी एक तास. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हातापायांपेक्षा धडाचा तोल जास्त सुधारला. मात्र व्यायाम थांबल्यावर पुढच्या महिन्यांत बऱ्याच जणांचा फायदा ओसरत गेला. क्युबातल्या ओल्गीन प्रांतात एससीए २ चे रुग्ण जगात सर्वाधिक दाटीने आढळतात. तिथे २४ आठवडे व्यायाम केलेल्या रुग्णांचे बसणे, उभे राहणे आणि चालणे सुधारले, पण नजरेची संथ हालचाल होती तशीच राहिली.

या सगळ्यातून वस्तीतल्या घरासाठी तीन गोष्टी घेता येतात. व्यायाम तोलाचा हवा, नुसती मालिश किंवा शेक पुरत नाही. तो थोडा अवघड हवा, कारण जो व्यायाम करताना अजिबात डगमगायला होत नाही त्यातून शरीर काही शिकत नाही. आणि तो रोज हवा, कारण बंद केला की मिळालेले हातचे जाते.

घरी करायचे व्यायाम

सुरुवात फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करावी. रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून ते व्यायाम ठरवतात. खालचे व्यायाम नेहमी दिले जातात. ते समजून घ्यावेत, म्हणजे रुग्णालयात दाखवलेले घरी विसरले जात नाही. आपली खोली दहा बाय दहाची असली तरी चालते. तोलाच्या व्यायामाला जवळ जवळ भिंती असणे सोयीचेच पडते.

१. बसून : पाठीला टेकू न घेता स्टुलावर किंवा कॉटच्या कडेला बसावे, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले असावेत. एक हात पुढे, बाजूला, वर नेऊन घरच्या माणसाने धरलेल्या वस्तूला स्पर्श करावा. धड मधोमध परत आणावे.

२. उठबस : हातांचा आधार न घेता किंवा कमीत कमी घेऊन स्टुलावरून सावकाश उठावे, क्षणभर स्थिर उभे राहावे, सावकाश बसावे. धप्पकन बसू नये. दहा वेळा.

३. चटईवर : दोन्ही तळहात आणि गुडघे टेकून, रांगणाऱ्या मुलासारखे व्हावे. एक हात पुढे उचलून पाच आकडे मोजावेत. मग एक पाय मागे. जमू लागले की उजवा हात आणि डावा पाय एकत्र.

४. गुडघ्यांवर उभे राहून : त्यातून एक पाऊल पुढे टाकून, कॉटचा आधार घेत उठावे. जमिनीवर पडल्यावर स्वतः कसे उठायचे, त्याचाही सराव यातच होतो.

५. कोपऱ्यात उभे राहून : पाठ खोलीच्या कोपऱ्याकडे, समोर खुर्चीची पाठ. आधी पाय थोडे फाकवून, मग जुळवून, मग एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहावे. स्थिर वाटले की मान उजवी-डावीकडे वळवावी. तोल गेला तर मागे भिंत आहे, पुढे खुर्ची आहे.

६. चालणे : भिंतीला तळहात लावून बाजूबाजूने पावले टाकावीत. जमिनीवर ठेवलेली दुमडलेली चादर ओलांडावी. वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये, लहान पावलांनी मोठा गोल घेऊन वळावे.

७. हातांसाठी : कोपर टेबलावर किंवा पाटावर टेकवून मटार सोलणे, बटणे लावणे, वाटीतून वाटीत दाणे टाकणे. कोपर टेकलेले असले की हात कमी हलतो.

८. ताण देणे : भिंतीला हात लावून, एक पाय मागे, टाच जमिनीला टेकवून पोटरीला ताण द्यावा. फ्रीड्राइख असलेल्या मुलांची पावले घोट्यात आखडू नयेत म्हणून हे विशेष गरजेचे आहे.

एका बैठकीत सगळे करू नये. सकाळी पंधरा-वीस मिनिटे, संध्याकाळी तितकीच, असे करत रोज तासाभरापर्यंत जावे. जेवल्यावर लगेच, फार थकलेले असताना किंवा पत्रे तापलेल्या भरदुपारी व्यायाम नको. छातीत दुखले, धडधडले, चक्कर आली की थांबावे आणि डॉक्टरांना सांगावे.

घरच्या माणसाने कुठे उभे राहायचे तेही ठरलेले असावे. रुग्णाचा हात धरून ओढू नये, त्याने दोघेही पडतात. रुग्णाच्या किंचित मागे, एका बाजूला उभे राहावे. त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधला तर गरज पडल्यास तो धरता येतो. आणि डगमगले की लगेच धरू नये. सावरण्याची संधी आधी त्याला द्यावी.

वस्तीतले अडथळे

हे रुग्ण बहुतेक वेळा मोरीत, उंबऱ्यावर, पोटमाळ्याच्या शिडीवर किंवा सार्वजनिक शौचालयाच्या ओल्या पायऱ्यांवर पडतात. म्हणून अंघोळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून करावी. मोरीच्या भिंतीत एक मजबूत लोखंडी दांडी बसवून घ्यावी. सांडलेले पाणी लगेच पुसावे. रुग्णाचे अंथरूण पोटमाळ्यावरून खाली आणावे. रात्री शौचालयापर्यंत सोबत जावे किंवा खोलीतच कमोडची खुर्ची ठेवावी. पायात सपाता नकोत, मागे पट्टा असलेली, सपाट तळाची चप्पल किंवा बूट हवेत. पाण्याचे हंडे आणि उकळते पातेले रुग्णाच्या हाती देऊ नये, पण भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे काढूनही घेऊ नयेत.

काठी सगळ्यांनाच उपयोगी पडत नाही. हात हलत असेल तर काठी जागेवर टेकत नाही आणि वॉकर जास्त बरा पडतो. कोणते साधन घ्यायचे ते फिजिओथेरपिस्टला विचारावे. साधन वापरायची लाज मात्र कुणी बाळगू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर बाबासाहेब आले तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात सहकाऱ्याच्या खांद्यावर होता.

जेवताना ठसका लागू लागला तर तेही आजाराचेच लक्षण समजावे. ताठ बसवून, लहान घासांनी, न बोलता जेवू द्यावे. पाणी आणि चहा यांसारखे पातळ पदार्थ सर्वात आधी ठसका आणतात. बोलणे आणि गिळणे यांसाठी स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांनाही दाखवावे. दारू लहान मेंदूला थेट त्रास देते, म्हणून या रुग्णांनी ती थोडीही घेऊ नये.

हक्काचे काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. चालण्या-फिरण्यातले दिव्यांगत्व आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार त्यात येतात. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावे. प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर बऱ्याच योजनांचा लाभ घेता येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे तपासणी, व्यायाम आणि साधने एकाच ठिकाणी मिळतात. कार्डावर आजाराचे नाव लिहिलेले असले की मुकादमाला आणि पोलिसालाही "हा प्यायलेला नाही" हे दाखवता येते.

जनुकाची तपासणी रक्तातून होते. ज्याला लक्षणे आहेत त्याने ती केल्यास आजाराचा प्रकार कळतो. ज्यांना लक्षणे नाहीत अशा प्रौढ भावंडांनी आणि मुलांनी ती करावी की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. कुणी जबरदस्ती करू नये आणि आधी समुपदेशन घ्यावे. प्रौढपणी येणाऱ्या प्रकारांची तपासणी लहान मुलांवर करू नये. लग्न ठरवताना आजार लपवणे दोन्ही घरांना महागात पडते. समोरच्यांना खरे सांगावे आणि दोघांनी मिळून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विहाराचा उपयोग

हगवणीने आजारी पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले आणि अंथरुणावर निजवले, ही गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. शुश्रूषा हा धम्माचाच भाग आहे. आपल्या बहुतेक विहारांचे सभागृह वंदना झाली की दिवसभर रिकामे असते. सपाट फरशी, मोकळी जागा, चार भिंती. व्यायामाला याहून चांगली जागा वस्तीत कुठे मिळणार? आठवड्यातून दोन सकाळी अटॅक्सिया, पक्षाघात आणि पार्किन्सनचे रुग्ण एकत्र व्यायाम करू शकतात. फिजिओथेरपी शिकणारी आपली मुले-मुली आता बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यांना महिन्यातून एक रविवार मागावा. उरलेल्या दिवशी शिकवलेले करून घ्यायला युवक मंडळातली दोन माणसे आणि महिला मंडळातल्या दोन ताई पुरेशा आहेत.

या महिन्यात तीन कामे करावीत. आपल्या गल्लीत झुलत चालणारा कुणी असेल तर त्याला रुग्णालयात घेऊन जावे. ज्याच्या आजाराचे निदान झाले आहे त्याच्या घरी जाऊन मोरीत दांडी आहे का ते पाहावे. आणि विहार समितीच्या पुढच्या बैठकीत सभागृहाचा विषय काढावा.

जय भीम.